अकराशे सत्तेचाळीसचा तिसरा जबाब

आमच्या नेरलगाव तालुक्यात घर विकायचं तर घराचा जबाब घ्यावा लागतो, आणि घर खूष नसेल तर दस्त नोंदवला जात नाही.

बाहेरगावचे लोक हे ऐकून विचारतात, असं कुठं लिहिलंय? दस्ताच्या डोक्यावरच लिहिलंय, ‘कायम खूषखरेदीखत’. इतर तालुक्यांत त्याचा अर्थ असा लावतात की विकणारा आपल्या खुशीनं विकतोय. खुशीनं विकणारा त्यांनी कुठं बघितला देव जाणे. मी एकतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून दस्त लिहितेय. सही करताना रडणारे बघितले, भावाभावांत पेन हिसकावणारे बघितले, एक गृहस्थ तर अंगठा देऊन झाल्यावर माझ्याच टेबलावर डोकं ठेवून झोपले. खूष एकही नव्हता. तेव्हा तो शब्द घराबद्दलच आहे, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

मी इंदुमती शेडबाळे, परवानाधारक दस्तलेखक. लेखिका म्हणू नका, परवान्यावर लेखक आहे. एकतीस वर्षांत माझ्या दस्तात एकही खाडाखोड झालेली नाही, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

जबाबाची रीत सोपी आहे. घराला कार्यालयात येणं गैरसोयीचं, म्हणून निबंधक साहेब गृहभेटीला जातात. उंबऱ्यासमोर खुर्ची टाकतात, मसुदा मोठ्यानं वाचतात आणि विचारतात, “खूष की नाखूष?” घर उंबऱ्यातून बोलतं. फॉर्मवर दोन चौकोन असतात, साहेब एकात बरोबरची खूण करतात, चहा घेतात, निघतात. बहुतेक घरं भिडस्त असतात. पाहुण्यांसमोर नाही म्हणवत नाही त्यांना.

सिटी सर्व्हे नंबर अकराशे सत्तेचाळीस मात्र नाही म्हणालं. एकदा नाही, दोनदा.

हे घर तेली गल्लीतलं, दिनकर उपासे आणि शालन उपासे या जोडप्याचं. दिनकरराव एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. खाली पूर्वी त्यांच्या थोरल्या भावाची पिठाची गिरणी होती, ती बंद पडून बारा वर्षं झाली. नवराबायको वर राहतात. वर जायला बाहेरून एकोणीस पायऱ्या, आणि त्या अशा उभ्या की चढताना समोरच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर येतात.

शालनवहिनींचे दोन्ही गुडघे गेले. चौदा महिन्यांपूर्वी त्या पायऱ्या चढून वर गेल्या त्या गेल्या, पुन्हा खाली आल्या नाहीत. डॉक्टर वर जातो, भाजी दोरीच्या पिशवीतून वर जाते. एकदा खुर्चीत बसवून उतरवायचा प्रयत्न झाला. नवव्या पायरीवर उचलणाऱ्या दोघांचा तोल गेला, नशीब बलवत्तर म्हणून वाचल्या, आणि तेव्हापासून त्या खुर्चीचं नाव काढू देत नाहीत. मिरजेला लेकीच्या शेजारी तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, पुढं मातीचं अंगण. हे घर विकल्याशिवाय त्या घेता येत नव्हत्या, आणि त्यांचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

“मला काही काशी-रामेश्वर नको,” शालनवहिनी मला गॅलरीतून म्हणाल्या होत्या. “मातीत चार पावलं चालायचंय, इंदूताई. तेवढं करा.”

मी म्हटलं होतं, करते. माझ्या तोंडून असा शब्द सहसा जात नाही, पण गेला.

घेणार हसीना तांबोळी. चटणी-मसाल्याचं कांडप चालवते, भाड्याच्या जागेतून तीनदा उठवली गेलीय कारण शेजाऱ्यांना शिंका येतात. तिला खालची गिरणीची जागा हवी होती. माणूस रोखठोक. घर बघायला आली तेव्हा जोत्यावर तळहात मारून म्हणाली, “माझं यंत्र सोसेल हे.” मला वाटतं घराला ते आवडलं असावं. तरीही सप्टेंबरमध्ये साहेबांनी विचारलं तेव्हा घर म्हणालं, “नाखूष.” ऑक्टोबरमध्ये पुन्हा विचारलं. पुन्हा नाखूष.

का, ते कुणी विचारलं नाही. फॉर्मवर कारणाचा रकाना नाही. आमचे दुय्यम निबंधक देवकुळे साहेब नवीन, वय चौतीस, नियमाच्या बाहेर एक शब्द बोलत नाहीत आणि आतला एक सोडत नाहीत. त्यांनी खूण केली, चहा घेतला, निघाले. दिनकररावांना राग आला. “दर दोन वर्षांनी रंग दिला याला,” ते म्हणाले, “गळती एकदा लागू दिली नाही. आणि हे असं?” त्या दिवसापासून त्यांनी घराशी बोलणं टाकलं. यायचे-जायचे, पण उंबऱ्याकडं बघायचे नाहीत.

आता नियम असा, की तीन वेळा नाखूष आलं की मिळकत पत्रिकेवर ‘कायम नाखूष’ असा शेरा बसतो आणि ती मिळकत पुन्हा विकता येत नाही. आमच्या गावात अशी तीन घरं आहेत. त्यांतली माणसं अजून तिथंच राहतात, करणार काय? आणि नियम नऊ आणखी पुढचा: ‘तिसरा जबाब मिळकतीने कार्यालयात समक्ष हजर राहून द्यावा. गैरहजेरी ही नाखुशी समजण्यात येईल.’ हा नियम आहे हे माहीत असल्यामुळंच लोक दुसऱ्या नकारानंतर गप्प बसतात. तिसऱ्या जबाबाला आजवर कुणी गेलं नव्हतं.

मी नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारची तारीख घेतली. देवकुळे साहेब म्हणाले, “शेडबाळे बाई, मिळकत येईल ना?”

“समन्स काढा, मी बजावते,” मी म्हटलं.

समन्स घेऊन मी दुपारी दोनला तेली गल्लीत गेले. दिनकरराव गिरणीच्या कट्ट्यावर पाठ फिरवून बसले होते. मी उंबऱ्याजवळ पदर खोचून बसले आणि समन्स वाचून दाखवलं.

“ऐकलं,” घर म्हणालं. आवाज जाड आणि जरा मोठाच. तीस वर्षं गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय, ती जात नाही. घर स्वतःबद्दल नपुंसकलिंगी बोलतं, ते व्याकरणाला धरूनच आहे, फक्त कानाला सवय व्हावी लागते.

“तुला हसीना नको आहे का?” मी विचारलं. घर सन एक्क्याऐंशीचं, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, म्हणून मी अरे-तुरेच करते.

“बाई चांगली आहे. मिरची चालेल मला. गव्हाची सवय आहे, पण चालेल.”

“मग शालनवहिनी जाणार म्हणून?”

“ती गेलीच पाहिजे,” घर म्हणालं. “तुम्ही तो कागद वाचा. साहेब वाचत होते तो.”

मी मसुदा काढला. माझा मसुदा म्हणजे आखीव काम. ‘कारणे कायम खूषखरेदीखत लिहून देते ऐसे जे,’ इथपासून सुरुवात केली. ‘सदर मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह व येणेजाणेचे हक्कासह’ इथं आल्यावर घर हुंकार देत होतं. कुठल्याही घराला ही ओळ आवडते. अंगणात गवताची काडी नसली तरी तृण आपल्या नावावर आहे हे ऐकून बरं वाटतं. पुढं मी वाचलं, ‘सदरचे बांधकाम जुने, जीर्ण व मोडकळीस आलेले असून.’

हुंकार थांबला.

“हे कुणी लिहिलं?” घरानं विचारलं.

“मी.”

“तुम्ही मला कधी बघितलंत?”

मी नव्हतं बघितलं. गॅलरीखाली उभी राहून शालनवहिनींशी बोलले होते, बस. ती ओळ माझ्या चौऱ्याण्णव सालच्या एका मसुद्यातली. तेव्हापासून ती प्रत्येक दस्तात जाते. मूल्यांकनात घसारा मिळतो, म्हणजे किंमत कमी धरून मुद्रांक शुल्क कमी लागतं, म्हणून सगळेच दस्तलेखक लिहितात, हात आपोआप लिहून जातो. गावातली निम्मी घरं माझ्या हातानं मोडकळीस आलेली आहेत आणि ती अजून उभी आहेत.

“साहेबांनी हे दोनदा वाचलं,” घर म्हणालं. “मोठ्यानं. गल्ली ऐकत होती. पलीकडचं घर हसलं.”

मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, खूप वाटली. माणसाचं वर्णन असं न बघता केलं असतं तर त्यानं माझं टेबल उलटं केलं असतं. हे बिचारं नाखूष म्हणालं आणि गप्प बसलं. इकडं शालनवहिनी आणखी दोन महिने वर अडकल्या, त्या माझ्यामुळं.

मी दिनकररावांकडून टेप मागितला. त्यांनी न बघता दिला. मग मी ते घर पहिल्यांदा बघितलं, जोत्यापासून पत्र्यापर्यंत. घर सांगत होतं, मी लिहीत होते. चौकट सागवानी, कीड नाही. भिंती अठरा इंची. गिरणीच्या हादऱ्यानं दक्षिणेकडं एक चीर पडली होती ती शहाण्णव साली भरली, पुन्हा उघडलेली नाही. वरच्या खोलीत शालनवहिनींनी चहा केला, म्हणाल्या, “तुम्ही खाली कुणाशी बोलत होता? ते बोललं? आमच्याशी कधी मनातलं बोलत नाही.” मी म्हटलं, घरच्यांशी कोण बोलतं?

उतरताना घर म्हणालं, “पायऱ्या मोजा.”

“एकोणीस,” मी म्हटलं.

“लिहा. तिला माझ्यामुळं बाहेर पडता येत नाही, तेही लिहा.”

दस्तात असं लिहायची पद्धत नाही. पण नाही असंही कुठं म्हटलेलं नाही. मी मिळकतीच्या वर्णनात लिहिलं: ‘बांधकाम मजबूत व सुस्थितीत. पायऱ्या एकोणीस, पैकी सर्व उंच. मिळकतीस याची जाणीव आहे.’ आणि वाचून दाखवलं.

“आता हरकत नाही,” घर म्हणालं.

“हरकत नाही असा चौकोन नाही फॉर्मवर. खूष लागतं.”

मी समन्सवर पोच घेतली, म्हणजे उंबऱ्यावर शाई लावून कागद दाबला. निघताना पत्ता सांगितला: सरळ पोस्टापर्यंत, मारुतीच्या देवळाशी डावीकडं, पुढं जुन्या तहसीलचं आवार. घरं चालत नाहीत असा कुठं नियम नाही. कारण पडत नाही म्हणून चालत नाहीत.

“बघतं मी,” घर म्हणालं.

शुक्रवारी आम्ही अडीचला कार्यालयात हजर होतो. दिनकरराव, हसीना आणि तिचे दोन साक्षीदार, मी. टोकन सत्तावीस. दस्तात ‘लिहून देणार’, म्हणजे विकणाऱ्या, शालनवहिनी होत्या, घर त्यांच्याच नावावर, म्हणजे त्यांचीही हजेरी हवी. त्यांच्यासाठी वेगळी गृहभेट मागावी तर अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि आठ दिवस लागतात. आठ दिवस कुठले? पाचला सर्व्हर बंद होतो आणि सर्व्हरपुढं साहेबांचंही चालत नाही.

“त्या कशा येणार, आक्का?” हसीनानं हळूच विचारलं.

“घराबरोबर,” मी सांगितलं. मला स्वतःलाच ते खात्रीचं वाटत नव्हतं, पण पक्षकारासमोर दस्तलेखकानं डगमगू नये.

पावणेचारला सत्तावीस नंबर पुकारला. देवकुळे साहेबांनी कागद चाळले, मिळकतीचं वर्णन वाचून एकदा माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. नियमात बसत होतं.

“लिहून देणार हजर?”

“वाटेत आहेत,” मी म्हटलं.

“मिळकत हजर?”

“वाटेत आहे.”

साहेबांनी दोन्ही ठिकाणी ‘वाटेत’ असं लिहिलं. मग घड्याळाकडं बघून म्हणाले, “चार पन्नासपर्यंत थांबतो. नंतर मला गैरहजेरी नोंदवावी लागेल. माझा नाइलाज आहे.”

चार वाजले. सव्वाचार झाले. दिनकरराव एकदा उठले, पुन्हा बसले. “यायचं नाही ते,” ते म्हणाले. “माझ्यावर राग असेल त्याचा. महिनाभर तोंड बघितलं नाही मी त्याचं.” एवढा दांडगा माणूस, घाटातून गाडी चालवलेला, पण हातातली टोपी पिळत होता. मी पाणी दिलं.

चार वाजून बावीस मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून ते फोन मोठ्यानं लावतात, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

“अहो,” शालनवहिनी म्हणाल्या, “पोस्ट दिसतंय.”

“आपल्या घरातनं पोस्ट दिसत नाही,” दिनकरराव म्हणाले.

“तेच सांगतेय.”

दिनकरराव उभे राहिले. “कुठल्या खिडकीतनं?”

“स्वैपाकघराच्या.”

“म्हणजे पाठीमागनं चाललंय. रिव्हर्सनं.” त्यांनी टोपी डोक्यावर घातली. आता ते ड्यूटीवर होते. “गॅस बंद कर आधी. आणि त्याला सांग, देवळापाशी वळण अरुंद आहे. आत्ताच उजवीकडं दाबून घे म्हणावं आणि वळण मोठं मार. घाई करू नको म्हणावं.” मग जरा थांबून म्हणाले, “मी सांगितलंय म्हणावं.”

पलीकडून शालनवहिनी कुणाला तरी तेच सांगताना ऐकू आल्या. मग म्हणाल्या, “बरं म्हणालं.”

आम्ही सगळे बाहेर पडलो. रांगेतले लोकही टोकन हातात धरून बाहेर आले. देवळाच्या कोपऱ्यावर लाइनमननं बांबूनं तारा उचलून धरल्या होत्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे मी जन्मभर ऐकत आले होते. त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. घर वळलं, वासे वळले, एकही मागं राहिला नाही. वळण मोठं घेतलं होतं. पूजासाहित्याच्या दुकानाची एक माळसुद्धा हलली नाही. दिनकरराव रस्त्यात उभे राहून हातानं खुणा करत होते, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास.” आणि मग सरळ झालेल्या घराच्या उंबऱ्याकडं त्यांनी महिनाभरात पहिल्यांदा बघितलं.

आवाराचं फाटक बारा फुटी, घर बावीस फुटी. शिपाई म्हणाला, आत येणार नाही. घरानं कंपाउंड ओलांडलं. आधी एक बाजू, मग दुसरी. मी मुद्दाम बघितलं, भिंतीची वीट हलली नाही. मोडकळीस आलेल्या घराला जमलं असतं का हे?

चार बत्तीस. देवकुळे साहेब व्हरांड्यात आले. त्यांनी घर बघितलं, मग दस्त बघितला, मग पुन्हा घर बघितलं.

“चतुःसीमा जुळत नाहीत,” ते म्हणाले. “दस्तात पूर्वेस गणपत फल्ले यांचं घर लिहिलंय. इथं पूर्वेस झेरॉक्सचं दुकान आहे.”

साहेब बरोबर होते. मिळकत आहे तिथल्या चतुःसीमा लिहाव्या लागतात. नव्यानं टाइप करायला वेळ नव्हता. मी पेन काढलं. एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, उभ्या उभ्या दस्तात खाडाखोड. पूर्वेस झेरॉक्सचे दुकान, पश्चिमेस चिंच, दक्षिणेस कंपाउंड, उत्तरेस सदरील कार्यालय. समासात हसीनाची सही घेतली. शालनवहिनींसाठी गॅलरीतून भाजीची पिशवी खाली आली. तिच्यातून कागद वर गेला आणि सही होऊन खाली आला.

“पण ही मिळकत उद्या इथं नसणार,” साहेब म्हणाले. “परत गेली की चतुःसीमा पुन्हा चुकतील. दस्त सदोष होईल.”

हसीना माझ्याकडं बघायला लागली. दिनकरराव माझ्याकडं बघायला लागले. मला वाटतं घरही बघत होतं.

“साहेब, पान तीन,” मी म्हटलं. “शेवटून दुसरी ओळ वाचा.”

साहेबांनी वाचलं. “‘येणेजाणेचे हक्कासह.’”

“मिळकत येणेजाणेच्या हक्कासह विकलीय. माणसांच्या येणेजाणेच्या असं म्हटलेलं नाही. मिळकतीचं येणंजाणं मिळकतीच्या हक्कात आहे. चतुःसीमा आजच्या, हक्क कायमचा.”

देवकुळे साहेबांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. हीच ओळ मी एकतीस वर्षं न वाचता उतरवत आले होते, ती मोडकळीसवाली उतरवायचे तशीच. एकीनं बुडवलं होतं, दुसरी हाताला आली.

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “लिहून देणार यांना कॅमेऱ्यासमोर आणा.”

चार एक्केचाळीस. शालनवहिनी वर गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. इस्त्रीचं नऊवारी, केसात अबोलीचा गजरा. खाली एकोणीस पायऱ्या. दिनकरराव पहिल्या पायरीवर पाय ठेवून वर बघत होते.

मग घर बसलं.

आमच्याकडं ‘घर बसलं’ हा शब्द लोक वाईट अर्थानं वापरतात, म्हणून रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. पण ते नुसतं बसलं, माणूस जेवायला बसतो तसं. गिरणीचं शटर घडी घालून आत गेलं, पायऱ्या एकीत एक मिटल्या, आणि वरची गॅलरी हळूहळू खाली येत कार्यालयाच्या व्हरांड्याला येऊन टेकली. दोन्ही फरश्या एका पातळीत. मी वाकून बघितलं, मध्ये बोटभर फट होती.

“ये,” दिनकरराव म्हणाले.

शालनवहिनींनी कठडा सोडला. एक पाऊल घरात, एक पाऊल व्हरांड्यात. मग दुसरं. चौदा महिन्यांनी ती बाई घराबाहेर उभी होती. त्यांनी आधी वर आभाळाकडं बघितलं, मग गजरा सारखा केला कारण फोटो होता. हसीना तोंडाला पदर लावून रडत होती, आणि माझ्या चष्म्यावर वाफ आली होती. त्याचा मला तेव्हा राग आला, कारण मला अजून कागद लावायचे होते.

फोटो झाला. अंगठा झाला. यंत्रानं शालनवहिनींचा अंगठा तीनदा नाकारला, भांडी घासून रेषा गेल्या होत्या, चौथ्यांदा घेतला. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. चार पन्नासची मर्यादा साहेबांनी ओलांडली होती, आणि त्यांनी घड्याळाकडं बघायचं टाळलं एवढं मात्र मी बघितलं. ते फॉर्म घेऊन उंबऱ्यासमोर गेले. खुर्ची नव्हती, उकिडवे बसले. दस्त पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला, खाडाखोडीसकट. ‘बांधकाम मजबूत व सुस्थितीत’ हे जरा जास्तच मोठ्यानं वाचलं, असं मला वाटलं. मग विचारलं.

“मिळकत क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. तिसरा जबाब. खूष की नाखूष?”

साहेबांनी पेन दोन चौकोनांच्या मध्ये धरलं.

चार पंचावन्न. चार छप्पन. दिनकरराव पुढं झाले, साहेबांनी हात वर केला. जबाबात कुणी मध्ये बोलायचं नसतं.

“ती उतरली का?” घरानं विचारलं. “मला माझ्यापुढचं दिसत नाही. मी बसलेलं आहे.”

साहेबांनी मान वळवली. शालनवहिनी व्हरांड्याच्या उतारावरून, जिथं अपंगांच्या खुर्चीसाठी सिमेंट केलंय तिथून, दिनकररावांचा हात न धरता आवारात उतरल्या होत्या. चपला त्यांनी व्हरांड्यातच काढल्या होत्या. चिंचेखालच्या मातीत त्या अनवाणी उभ्या होत्या, आणि चालत होत्या. मी मोजली. चार पावलं झाली, मग पाचवं टाकलं.

“उतरल्या,” देवकुळे साहेब म्हणाले. नियमाप्रमाणे त्यांनी मिळकतीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

“मग खूष,” घर म्हणालं.

साहेबांनी पहिल्या चौकोनात खूण केली. चार अठ्ठावन्नला दस्त सर्व्हरवर चढला, नंबर पडला, पावती छापून आली. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कशासाठी हे त्यांनाही माहीत नसावं. हसीनानं घराच्या जोत्यावर तळहात मारला. मी पेनाला टोपण लावलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा पक्षकारांसमोर रडले.

नंतर शिपाई आला आणि म्हणाला, मिळकत इथं लावायची नाही, उद्या साहेबांची गाडी कुठं लावायची? हसीना म्हणाली, माझी मिळकत आहे, मी नेते. ती गॅलरीत चढली, साक्षीदार पण चढले, त्यांना तेली गल्लीतच जायचं होतं. घर उठलं. पायऱ्या एकेक करून बाहेर आल्या, एकोणीसच्या एकोणीस.

शालनवहिनी मातीच्या पायांनी उंबऱ्यापर्यंत गेल्या. त्यावर हात ठेवून काय म्हणाल्या ते मी ऐकलं नाही, घरच्यांचं बोलणं होतं. दिनकरराव मात्र मोठ्यानं बोलले.

“देवळाशी वळण मोठं घे. आणि पोचलास की कळव.”

“पोचलं की कळवतं,” घर म्हणालं.

ते कंपाउंड ओलांडून गेलं. आम्ही चौघं, म्हणजे उपासे दोघं, मी आणि देवकुळे साहेब, चिंचेखाली चहा पीत उभे राहिलो. मिरजेची गाडी साडेसहाची होती, पण कुणी निघायचं नाव घेईना. शालनवहिनींनी पाय धुवायला नकार दिला.

सव्वासहाला दिनकररावांचा फोन वाजला. हसीना होती. घर पोचलं होतं.